धरमपेठेतला शनिवारचा इंग्रजी साहित्याचा वर्ग: सहा महिन्यांनंतर

मी काटोलची. शाळा मराठी माध्यमाची, आता नागपूर विद्यापीठात एम.ए. इंग्रजीचं दुसरं वर्ष. गेल्या वर्षी सीताबर्डीतल्या एका क्लासला पैसे भरले होते. सर उत्तर सांगत, आम्ही उतरवून घ्यायचो. मार्क आले. पण एखादी कविता तुला कशी वाटली, असं कोणी विचारलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता.

हा वर्ग एका निवृत्त प्राध्यापिकांच्या घरी, पुढच्या खोलीत भरतो. दुपारी ४ ते ६, महिन्याला ६०० रुपये, पंधराएक जण. गाइड पिशवीतच ठेवायचं. आधी मराठीत बोलायचं, भांडायचं, मग तेच इंग्रजीत एक पान लिहायचं.

रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीची १८४२ सालची ‘माय लास्ट डचेस’ ही कविता आम्ही तीन शनिवार वाचली. अवघ्या ५६ ओळी. ड्यूक, म्हणजे एक बडा सरदार, पडदा सारून आपल्या आधीच्या बायकोचं चित्र पाहुण्याला दाखवतो. गाइडात सरळ लिहिलंय, त्याने तिचा खून केला. मीही तेच म्हटलं. मॅडम म्हणाल्या, “ओळ दाखव बरं.” शोधली. त्याने हुकूम दिले आणि हसू थांबलं, एवढंच आहे. मग उमरेडचा एक मुलगा म्हणाला, “पण मॅडम, ज्याच्या मुलीला मागणी घालतोय, त्याच्याच माणसापुढे हा हे काहून सांगून राहिला?” झालं, खोलीत दोन गट. एक म्हणे बोलता बोलता निसटलं, दुसरा म्हणे नव्या बायकोला आधीच दम दिला. मी दुसऱ्या गटात. पडदा सारायचा हक्कही जो दुसऱ्या कोणाला देत नाही, त्याच्या तोंडून असं चुकून निसटेल? तासभर वाद झाल्यावर मॅडमनी सांगितलं की खुद्द ब्राउनिंगने पुढे दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या होत्या: मारण्याचा हुकूम, नाहीतर मठात डांबण्याचा. हे आधीच सांगितलं असतं तर आम्ही तेही निमूट उतरवून घेतलं असतं.

याच कवितेतल्या ‘स्टूप’ या एका शब्दावर अर्धा तास गेला. शब्दकोशात वाकणे. कोणीतरी ‘कमीपणा घेणं’ म्हटलं आणि मला एकदम उमगलं, बायकोचं काय खटकतं ते तिला सांगणंसुद्धा या माणसाला कमीपणाचं वाटतं. इंग्रजी कविता मला मराठीतून कळली, याची लाज वाटायची ती त्या दिवशी गेली.

उणिवा आहेत. लिहिलेली पानं तपासून मिळायला तीन-तीन आठवडे लागतात. वाद घालणारे तेच चार-पाच जण असतात. मी पहिले दोन महिने गप्प होते, तेव्हा मॅडमनी नाव घेऊन विचारायला हवं होतं. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेत नाहीत, त्या मी घरी सोडवते. परीक्षा महिन्यावर आली असेल तर हा वर्ग लावू नका. जुलैत या. पहिला शनिवार पैसे न घेता बसू देतात.