थिन सेक्शनसाठी नागपुरातली छोटी कार्यशाळा: डोळे झाकून द्या

थिन सेक्शन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचेवर बसवलेला दगडाचा पातळ छेद. साकोली पट्ट्यातले गार्नेट-मायका शिस्टचे (गार्नेट आणि अभ्रक असलेल्या पापुद्र्यांच्या खडकाचे) नमुने इथे कापायला दिले होते. काम अव्वल. दगडाचा छेद ०.०३ मिमीपर्यंत घासायचा, तोही चारही कडांना सारखा, हे हाताचं कसब आहे. क्रॉस पोलर्सखाली (सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून) क्वार्ट्झ सगळीकडे करडा-पांढराच दिसला. छेद जाड राहिला की तो पिवळट दिसतो. मायकाचे पापुद्रे सुटले नाहीत, गार्नेटही उखडलं नाही.

सगळ्यात आवडलं ते कापणाऱ्या काकांनी यंत्र सुरू करण्याआधी विचारलेलं, "बाण कुठल्या दिशेनं?" म्हणजे नमुन्यावरची दिशेची खूण. शिस्ट थरांना काटकोनात आणि त्यावरच्या रेषांना समांतर कापला नाही, तर खडक कुठल्या बाजूला सरकला हे नीट कळतच नाही. हे विचारणारे कारागीर फार कमी! एका गार्नेटच्या पोटात क्वार्ट्झचे बारीक कण एस आकारात वळलेले सापडले, म्हणजे स्फटिक वाढत असतानाच खडकाचं विरूपण (दाबानं आकार बदलणं) चालू होतं. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे.

तक्रार एकच: नमुना क्रमांक मार्करनं लिहितात, ॲसिटोन लागला की पुसला जातो. काचेवर कोरूनच मागा. वेळही लागतो, घाई असेल तर आधी फोन करा.