सात ते साडेआठ: टीव्हीसाठी घेतलेला टायमर सॉकेट

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. सांगली शहरात विश्रामबागेतील आमच्या सदनिकेत भोंग्याची सोय नसल्यामुळे मी मारुती रस्त्यावरील एका दुकानातून साडेचारशे रुपयांचा यांत्रिक टायमर आणला.

हा टायमर भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचायचा आणि टीव्हीची पिन त्यात बसवायची. तबकडीभोवती ९६ दाते असून प्रत्येक दाता पंधरा मिनिटांचा आहे. खाली दाबलेला दाता म्हणजे वीज चालू, वर उचललेला म्हणजे बंद. दीड तासासाठी सहा दाते उचलले की काम झाले. ॲप नाही, पासवर्ड नाही. त्यामुळे आईलाही नातवाची मनधरणी करावी लागत नाही.

मोठी उणीव अशी, की तबकडी फिरवणारी मोटर विजेवरच चालते आणि वीज गेली की घड्याळ तेवढे मागे पडते. वळवाच्या पावसात चाळीस मिनिटे वीज गेली, तेव्हा आईला सातची मालिका आयती पाहायला मिळाली आणि ती काही बोलली नाही. साडेआठची बुडाली, तेव्हा मात्र तक्रार लगेच आली. बॅटरीवर वेळ राखणारे डिजिटल टायमरही मिळतात, परंतु त्यांची बारीक बटणे वयस्कर माणसांना त्रासदायक वाटतात.

बाजूला एक खटका आहे, जो फिरवला की टायमर निकामी होऊन वीज सलग चालू राहते. म्हणजे हे यंत्र कोणालाही अडवू शकत नाही. पण खटक्यापर्यंत पोहोचायला टीव्हीमागे हात घालावा लागतो आणि तेवढ्या कंटाळ्यापायी बहुतेक वेळा बेत रद्द होतो. पहिल्या आठवड्यात मुलाने तो दोनदा फिरवला. आता त्या वेळेत तो आजीबरोबर भिकार-सावकार खेळतो, क्वचित दोघे आमराईत फेरी मारून येतात, आणि माझा दिवाळीपासून अर्धवट राहिलेला दिवाळी अंक एकदाचा संपला. आयपीएलचे सामने साडेसातला सुरू होत असल्याने त्या दिवसांत मात्र खटका सर्वानुमते फिरवला जात असे.

ओएलईडी टीव्ही असल्यास हा टायमर लावू नये, कारण असा टीव्ही बंद केल्यानंतरही पडद्याच्या देखभालीसाठी वीज वापरतो. राउटर वेगळ्या सॉकेटवर ठेवावा. टायमरचा आकार बराच मोठा असल्यामुळे शेजारचे सॉकेट झाकले जाते, म्हणून घेण्यापूर्वी बोर्डावरील जागा मोजून पाहावी.