फॉक्सप्रोतला जुना हिशोब पायथनमधे न्यायचा: कन्व्हर्टर, एआय का हातानं?

आपल्याकडं जिनिंगवर, अडत दुकानात अजूनही कुठंकुठं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधूनच शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी निघते, आणि चालू आहे तोवर त्याले कोणी हात लावत नाही. पण राजेहो, मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट 2015 मधेच बंद केला, आणि डॉसवालं फॉक्सप्रो तर 64 बिटच्या विंडोजवर उघडतच नाही, म्हणजे ते जुनं मशीन बसलं का ऐन कापसाच्या सीझनमधे काटा थांबला. तर हा हिशोब पायथन या प्रोग्रामिंग भाषेत न्यायचा विचार करून राहिले असाल तर मी जे सांगतो ते आधी बघा.

कन्व्हर्टर टूल ओळीले ओळ बदलून देते, काम झटपट, पण निघालेला कोड नंतर कोणी वाचू शकत नाही. सी भाषेतला कोड रस्ट भाषेत करणारं सीटूरस्ट घ्या, चालणारा कोड देते पण जिकडंतिकडं अनसेफ, म्हणजे रस्टच्या सुरक्षेच्या काही तपासण्या तिथं लागत नाहीत. हा रस्ता मी छोट्या धंद्याले सुचवणार नाही.

एआयचा कोड वाचायले एकदम साफ असतो आणि खरा धोका तिथंच आहे, कारण साफ दिसला का माणूस तपासत नाही. आता हमाली 62.50 झाली, फॉक्सप्रोचं राउंड 63 करते, पायथनचं राउंड 62 करते, कारण बरोबर अर्ध्यावर आलं का पायथन सम आकड्याकडं जाते. एरर काहीच येत नाही, फक्त शेतकऱ्याच्या पट्टीत रुपयाचा फरक, आणि भाऊ रुपयाचा असला तरी तो त्याच्या घामाचा आहे. (डेसिमल मॉड्यूल वापरून राउंड हाफ अप लावलं का हे मिटते.) दुसरं, फॉक्सप्रोत सेट एक्झॅक्ट ऑफ (सुरवातीची अक्षरं जुळली तरी चालते अशी सेटिंग) असलं का खात्यात नुसतं राम टाकलं तरी रामराव सापडतो, पायथनमधे दोन बरोबरच्या चिन्हानं तपासलं तर सापडणारच नाही, मग मुनीमजी म्हणतील खातं उडालं. आणि डिलीट केलेली नोंद डीबीएफ फाईलमधून (फॉक्सप्रोची डेटा ठेवायची फाईल) जातच नाही, पॅक ही कमांड देईपर्यंत तिच्यावर नुसती खूण असते, जुना प्रोग्राम सेट डिलीटेड ऑफवर (डिलीट केलेल्या नोंदी न लपवणारी सेटिंग) चालत असेल तर त्या नोंदी बेरजेत धरत असेल, नवीन धरेल का नाही हे आधी ठरवा.

हातानं लिहायले वेळ आणि पैसा दोन्ही जास्त, पण लिहिणाऱ्याले मुनीमजीजवळ बसून एकएक नियम विचारावा लागतो न, ही अडत अशीच काहून, तोलाई इथंच काहून कापली, आणि ते कोणतंच टूल विचारत नाही.

माझ्या मते स्क्रीन, रिपोर्ट, प्रिंट हे एआयकडून तुकड्यातुकड्यानं करून घ्या, पण पट्टीचा हिशोब तेवढा हातानंच लिहा. मागच्या सीझनच्या सगळ्या पट्ट्या नव्या प्रोग्राममधून परत काढा आणि पैशापर्यंत जुळवा, जिथं जुळत नाही तिथं जुना आकडा काहून तसा आला ते शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका. हे काम पावसाळ्यात, आवक नसते तेव्हा करा, दसऱ्यानंतर कापूस आला का कोणाले वेळ मिळत नाही.

आणि तुमचं काम नुसतं वजन आणि पावती एवढंच असेल तर कोड बदलायच्या भानगडीत पडूच नका, तयार पॅकेज घ्या आणि जुन्या डीबीएफ फाईली एक्सेलमधे काढून ठेवा.