ज्येष्ठांचा स्वयंपाक वर्ग: तेल-मिठाचा हिशोब चोख, दातांचा मात्र विसर

गंगापूर रोडला आजी-आजोबांसाठी पौष्टिक आणि स्वस्त स्वयंपाकाचा जो वर्ग चालतो, त्यात किन्वा, ॲव्होकाडो असलं काही नाही. ज्वारी, नाचणी, मटकी, शेवगा आणि बुधवारच्या बाजारात मिळेल ती पालेभाजी. निम्मे गुण इथेच.

सगळ्यात उपयोगी भाग तेल-मिठाचा. ‘कमी खा’ असं मोघम न सांगता हिशोब थेट किराण्याच्या यादीवर आणलाय. मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे दोघांना महिन्याला 300 ग्रॅम. किलोची पिशवी तीन महिने पुरायला हवी. विकतच्या लोणच्या-पापडातलं मीठही यातच धरायचं. तेल दोघांत महिन्याला 1 लिटर, म्हणजे माणशी रोज जेमतेम तीन छोटे चमचे.

आंबीलही नीट शिकवतात. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतत ढवळायचं आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवायचं. कोरडं पीठ गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. ताक निवल्यावरच घालायचं, नाहीतर फाटतं. मोडाची मटकी वाफवूनच देतात, हेही योग्य. मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. वर लिंबू पिळायचं आणि चहा तासभर लांब ठेवायचा, म्हणजे लोह अंगी लागतं.

प्रथिनांचं मात्र घाईत उरकलंय. 60 किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम लागतात. 20 ग्रॅम डाळीच्या पातळ वरणातून साडेचारच्या आसपास मिळतात. वरण घट्ट करा, दही वाढवा, चालत असेल तर अंडं घ्या, एवढं तरी सांगायचं! कोशिंबीर गाजराच्या जाड चकत्यांची. कवळीवाल्यांनी ती चावायची कशी? किसून दाण्याचं कूट घातलं असतं तर काम झालं असतं.

खरी चूक ‘कमी सोडियमच्या मिठा’ची सरसकट शिफारस. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पिशवी घरात आणू नका.

पाककृतींचा कागद बारीक टाइपातला आहे. जाताना चष्मा आणि वही न्या.