एअर प्युरिफायर आठ महिने वापरल्यावर : आकडा खाली, धूळ तेवढीच

टेबलावर धूळ अजून बसते. हे आधीच सांगते, कारण प्युरिफायर घेणाऱ्या बऱ्याच जणांची पहिली तक्रार हीच असते आणि त्यात बिचाऱ्या यंत्राचा काही दोष नसतो. जी धूळ आपल्या डोळ्यांना दिसते, बोट फिरवल्यावर बोटाला लागते, तिचे कण जड असतात. पन्नास मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण छातीच्या उंचीवरून सुटला तर शांत हवेत अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर येतो. खोलीच्या कोपऱ्यातलं यंत्र त्याला ओढून घेईपर्यंत तो कपाटावर जाऊन बसलेला असतो. दहा मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला सात-आठ मिनिटं लागतात, अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तासांहून जास्त, आणि ०.३ मायक्रॉनचा कण तर दिवसचे दिवस तरंगतो. प्युरिफायरचं गिऱ्हाईक हे शेवटचे दोन. ते दिसत नाहीत, पण फुप्फुसात खोलवर जातात ते तेच. म्हणून फडकं मारणं सुटेल या आशेने कुणी हे यंत्र घेणार असेल तर घेऊ नये.

माझा झोपायच्या खोलीत आहे. मॉडेलचं नाव देत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते त्या वर्गातल्या जवळपास सगळ्या यंत्रांना लागू पडतं. आत काय असतं? एक पंखा, एक जाळी, एक घड्या घातलेला फिल्टर आणि त्याला चिकटून कोळशाचा पातळ थर. बाकी दिवे, ॲप, आवाजी सूचना ही सजावट. पंखा हवा ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, बाहेर सोडतो. एवढंच काम, आणि ते तो व्यवस्थित करतो.

या फिल्टरला हेपा म्हणतात, आणि त्याच्याबद्दल मात्र एक समजूत फार घट्ट बसलेली आहे : हेपा म्हणजे बारीक चाळणी, ०.३ मायक्रॉनपेक्षा मोठं अडकतं, लहान निसटतं. विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मग तो पार होणारच, असा हिशेब लोक मांडतात. प्रत्यक्षात उलटं आहे. हेपा हे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यांचं अस्ताव्यस्त रान आहे आणि त्यातल्या फटी ०.३ मायक्रॉनपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मोठे कण वळणावर हवेबरोबर वळू शकत नाहीत, धाग्यावर आपटतात. मधले कण धाग्याला घासून जाताना चिकटतात. आणि अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके वेडेवाकडे भटकतात की कुठल्या ना कुठल्या धाग्याला लागतातच. या दोन टोकांच्या मध्ये, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपास, पकड सगळ्यात ढिली असते. म्हणून परीक्षा त्याच आकारावर घेतात. हेपा ९९.९७ टक्के कण अडवतो असं जे सांगतात तो आकडा या सगळ्यात अवघड पेपरातला आहे, ०.१ मायक्रॉनला गुण त्याहून चांगलेच पडतात. हे फिल्टर १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी तयार झाले. डब्यावर ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असं लिहिलं असेल तर तो हेपा नाही, हेही इथेच सांगून टाकते. युरोपच्या मानकातले एच१३, एच१४ हे दर्जे मात्र खरे मोजलेले असतात.

पण घरात वापरताना माझ्या लक्षात आलं की ९९.९७ की ९९.९५ या वादाला काही अर्थ नाही. फिल्टरमधून गेलेली हवा स्वच्छ होणारच आहे. प्रश्न आहे तासाभरात किती हवा जाते. त्याचं माप म्हणजे सीएडीआर (क्लीन एअर डिलिव्हरी रेट). माझ्या यंत्राचा तो ताशी ३०० घनमीटर आहे. खोली बारा बाय बारा फूट, छत दहा फूट, म्हणजे हवा सुमारे ४१ घनमीटर. भागाकार केला की तासाला सात वेळा हवा फिरते. ऐकायला झकास. फक्त हे माप सगळ्यात वरच्या स्पीडवर घेतलेलं असतं, आणि त्या स्पीडवर माझ्या खोलीत बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. रात्री जो स्लीप मोड लावतात त्याचा सीएडीआर डब्यावर, माहितीपत्रकात, कुठेच नाही. वेगळा कणमापक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून मी पाहिलं : वरच्या स्पीडवर आकडा निम्म्यावर यायला सात-आठ मिनिटं लागायची, स्लीप मोडवर अर्धा-पाऊण तास. म्हणजे रात्रभर आपण विकत घेतलेल्या यंत्राचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा वापरत असतो.

‘इतक्या चौरस फुटांसाठी योग्य’ हे वाक्य तर मी आता वाचतच नाही. हवा तासाला किती वेळा फिरवायची हे कंपनी स्वतः ठरवते. एकदाच धरली तर तेच यंत्र दिवाणखान्यालाही पुरतं, पाचदा धरली तर छोट्या खोलीपुरतंच राहतं. अमेरिकेतल्या उपकरण उत्पादकांच्या संघटनेचा ठोकताळा तासाला पाचेक वेळा, म्हणजे नेमकं सांगायचं तर ४.८, असा आहे. शिवाय ‘एकदा फिरली’ म्हणजे सगळी हवा गाळली गेली असंही नाही. गाळलेली हवा न गाळलेल्या हवेत मिसळत राहते, त्यामुळे एका फेरीत साधारण ६३ टक्के कण जातात, उरलेल्यांपैकी ६३ टक्के पुढच्या फेरीत. त्यातून दाराच्या फटीतून नवे येतच असतात. शून्य कधी दिसत नाही. दिसलं तर सेन्सरवर शंका घ्यावी.

आता त्या सेन्सरचं. समोरचा रंगीत आकडा हाच या यंत्राचा सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात कच्चा भाग. आत एक छोटा दिवा किंवा लेसर असतो, कणांवरून उजेड विखुरतो, त्यावरून कण किती हे यंत्र ताडतं आणि त्यांचं वजन किती असेल याचा अंदाज बांधतं. वजन ते करत नाही. म्हणून दमट दिवशी पाणी पिऊन फुगलेले कण त्याला जास्त दिसतात. शेजारी फवाऱ्याचा ह्युमिडिफायर लावला तर आकडा भडकतो. त्यातला काही भाग थेंबांचा असतो, पण काही भाग खराही असतो, कारण नळाच्या पाण्यातले क्षार थेंब सुकल्यावर हवेत उरतात. दुसरं म्हणजे सेन्सर यंत्रातच बसलेला असतो, आणि खोलीतली सगळ्यात स्वच्छ हवा यंत्राच्याच भोवती असते. माझा दूरचा मापक बहुतेक वेळा यंत्रापेक्षा जास्तच दाखवायचा. यंत्र हिरवं होऊन ऑटो मोडमध्ये सुस्तावायचं तेव्हा पलंगाजवळ अजून काम बाकी असायचं. महिन्याभरात ऑटो मोड बंद केला तो कायमचा.

आकडा कशाचा आहे हेही बघावं लागतं. काही यंत्रं पीएम २.५ थेट दाखवतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण एका घनमीटरमध्ये किती मायक्रोग्रॅम. काही त्याचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, करून दाखवतात. एक्यूआयचं सूत्र देशागणिक वेगळं, त्यामुळे फोनवरचा बाहेरचा आकडा आणि यंत्रावरचा आतला आकडा यांची तुलना बऱ्याचदा फसवी ठरते. हिरवा रंग कुठे संपतो हे तर कंपनीच ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची मर्यादा चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५ अशी खाली आणली. माझं यंत्र ३५ पर्यंत हिरवं राहतं. हिरवा म्हणजे ठीक, असं त्यामुळे मी धरत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज मला ‘ताजी हवा’ या शब्दांतला वाटतो. प्युरिफायर ऑक्सिजन देत नाही आणि कार्बन डायऑक्साइड काढत नाही. फिल्टर कण पकडतो, हे वायू त्यातून निवांत आरपार जातात. कोळशाचा थरही त्यांना धरत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. दारंखिडक्या लावून दोघं झोपलेल्या खोलीत पहाटेपर्यंत तो दीड-दोन हजारांवर सहज जातो. मापक उसना आणून पाहिला तेव्हा आमच्याकडेही तसंच दिसलं, आणि प्युरिफायरवरचा दिवा त्या वेळी हिरवागार होता. सकाळी डोकं जड होण्याचं कारण लोक प्युरिफायरमध्ये शोधतात, पण ते बंद खिडकीत असू शकतं. एसी चालू असला तरी फरक नाही, कारण भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही. आणि त्याच्या जाळीला फक्त केस, धागे आणि जाड धूळ अडकते. आम्ही आता बाहेरची हवा बरी असते त्या वेळी खिडक्या सताड उघडतो, मग लावून यंत्र थोडा वेळ वरच्या स्पीडवर ठेवतो. हवा बाहेर खराब असेल त्या दिवसांत दार किलकिलं ठेवून आतल्या आत जमेल तेवढं.

वास हा कोळशाचा प्रांत. पण घरगुती यंत्रात कोळसा थोडा असतो, लवकर भरतो, आणि उन्हात ठेवून पुन्हा ताजा होत नाही. नव्या रंगाचा वास पहिल्या काही आठवड्यांत कमी झाल्यासारखा वाटला; आता त्या थराकडून मी काही अपेक्षा ठेवत नाही. आयोनायझरचं बटण पहिल्या दिवसापासून बंद आहे. त्याने कणांवर विद्युतभार येतो, ते भिंतीला-पडद्याला चिकटतात, आणि काही यंत्रांत सोबत ओझोन तयार होतो, जो श्वसनाला वाईटच. कॅलिफोर्नियाने तर घरगुती यंत्रांवर दहा लाखात ०.०५ भाग अशी ओझोनची मर्यादाच घातलेली आहे. जंतू मारण्यासाठी लावलेला अतिनील दिवा? हवा त्याच्यासमोरून क्षणार्धात निघून जाते, तेवढ्यात तो काय करणार. आणि झाडं हवा शुद्ध करतात म्हणत, नासाच्या १९८९ च्या अभ्यासाचा दाखला देत कुंड्या सुचवणाऱ्यांना एवढंच की ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधले होते. झाडं शोभेसाठी जरूर ठेवा.

फिल्टर बदलायचा दिवा माझ्याकडे अलीकडेच लागला. तो फिल्टर तपासत नाही, पंखा किती तास चालला एवढंच मोजतो, मग खोली स्वच्छ असो की रस्त्याला लागून. काचेच्या धाग्यांचा फिल्टर जुना झाला म्हणून कण सोडत नाही. धूळ साचते तशी हवा कमी जाते, आवाज तोच राहतो. मात्र घरगुती फिल्टरमध्ये बऱ्याचदा विद्युतभार दिलेले कृत्रिम धागे असतात आणि तो भार ओसरला की पकडही उतरते. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून माझी कसोटी तीच जुनी : मापक दूर ठेवायचा आणि आकडा निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. वेळ दुपटीकडे झुकली की बदल. माझा अजून तिथे पोचलेला नाही, म्हणून दिवा लागू दिला आहे. हेपा धुऊ नये, धाग्यांचा पिंजा होतो. बाहेरची जाळी तेवढी धुवावी, पूर्ण वाळवून लावावी.

अॅलर्जीचं म्हणाल तर शिंका कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. धुळीतल्या माइट्स या सूक्ष्म किड्यांची विष्ठा, जिच्यामुळे बऱ्याच जणांना त्रास होतो, ती जड असते आणि गादी-उशीतच राहते. चादरी गरम पाण्यात धुणं आणि उशांना घट्ट विणीची खोळ घालणं याचा फरक मला यंत्राइतकाच जाणवला. धुराच्या दिवसांत मात्र याला तोड नाही. खिडकीबाहेर धुकट राखाडी हवा आणि आत दूरच्या मापकावरही दहाच्या खाली, हे मी वारंवार पाहिलंय.

पुन्हा घ्यायचा झाला तर याच खोलीसाठी दुप्पट सीएडीआरचा, बिनॲपचा, आयोनायझर नसलेला घेईन आणि कायम मधल्या स्पीडवर चालवीन. मोठं यंत्र हळू चालवलं तर आवाज सुसह्य राहतो आणि हवाही पुरेशी फिरते. ठेवताना भिंतीपासून हातभर लांब, पडद्याआड नको. आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी मागचं झाकण उघडून फिल्टरवरचं प्लास्टिकचं वेष्टन काढलंय ना ते बघा. ते तसंच ठेवून महिनोन्‌महिने नुसता पंखा चालवणारे लोक खरंच असतात.