महारेरा पोर्टलचा रिव्ह्यू: खरा ऐवज फॉर्म ३ मध्ये आहे

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं बुकिंग करण्याआधी बरेच जण महारेराच्या, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या, साइटवर जातात. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक दिसला की निर्धास्त होऊन टॅब बंद करतात. पण ५०० चौ. मी. पर्यंतचा भूखंड किंवा ८ पर्यंत सदनिका असलेले छोटे प्रकल्प सोडले, तर नोंदणी सगळ्यांनाच सक्तीची आहे. त्यामुळे नोंदणी असणं ही बिल्डरची काही विशेष गुणवत्ता नव्हे. या पोर्टलचं मोल आहे ते दर तीन महिन्यांनी भरल्या जाणाऱ्या पैशांच्या आणि कामाच्या आकड्यांत. माहितीसाठी ५ पैकी ४ गुण द्यायला हरकत नाही. मांडणीला मात्र २ च्या वर जाता येत नाही.

आधी शोधण्याबद्दल. प्रकल्पाच्या नावाने शोधू नका. होर्डिंगवरचं नाव आणि नोंदणीतलं नाव बरेचदा वेगळं असतं, आणि इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं तरी यादी रिकामी येते. नोंदणी क्रमांक टाका किंवा जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो छापणं बंधनकारक आहे. स्कॅन करून उघडलेल्या पानावरचा क्रमांक आणि जाहिरातीतला क्रमांक जुळतो का, तेवढं बघा. जुन्या क्रमांकात ‘पी’ नंतरच्या तीन आकड्यांवरून जिल्हा कळतो: ५२१ पुणे, ५१७ ठाणे, ५१८ मुंबई उपनगर, ५१६ नाशिक. हे २०११ च्या जनगणनेतले जिल्ह्यांचे संकेतांक आहेत. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, म्हणून त्याच्या वाट्याला ९९० हा वेगळाच आकडा आला. नाशिकच्या फ्लॅटच्या जाहिरातीत ५२१ दिसला तर तिथेच थांबून विचारा.

प्रकल्पाचं पान उघडलं की सगळ्यात आधी बघायचं, ही नोंदणी नेमकी कशाची आहे. सहा टॉवरची वसाहत तीन-चार टप्प्यांत नोंदवलेली असू शकते, आणि प्रत्येक टप्प्याची पूर्णत्वाची तारीख वेगळी. सेल्स ऑफिसात दाखवलेला क्लब हाऊस, तरणतलाव किंवा दुसरं गेट शेवटच्या टप्प्यात टाकलेलं असेल, तर तुमच्या टॉवरचा ताबा वेळेवर मिळूनही या सोयींसाठी काही वर्षं वाट बघावी लागते. सामायिक सुविधांचा तक्ता उघडून त्या तुमच्याच नोंदणी क्रमांकाखाली आहेत का, ते तपासा. यावर फार कमी खरेदीदारांची नजर जाते.

पुढे तीन प्रमाणपत्रं: फॉर्म १ आर्किटेक्टचा, फॉर्म २ इंजिनिअरचा, फॉर्म ३ सीएचा. फॉर्म १ मध्ये खोदकाम, प्लिंथ, पोडियम, स्लॅब, आतल्या भिंती-प्लास्टर, प्लंबिंग, लिफ्ट असं एकेका कामाचं किती टक्के झालं ते असतं. फॉर्म २ मध्ये बांधकामाचा अंदाजे खर्च आणि आतापर्यंत झालेलं काम रुपयांत. हे दोन्ही वाचायला सोपे आहेत. फॉर्म ३ मध्ये हिशेब असतो, आणि चकवाही तिथेच बसतो.

रेरा कायद्यानुसार खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ती फक्त जमीन आणि बांधकाम यांवरच खर्च करायची असते. जुलै २०२४ पासून महारेराने तीन खाती लावून दिली आहेत: सगळी रक्कम जमा होणारं एक, ७० टक्क्यांचं दुसरं, उरलेल्या ३० टक्क्यांचं तिसरं. दुसऱ्या खात्यातून पैसे काढायची मर्यादा ‘एकूण अंदाजे खर्चाच्या किती टक्के खर्च झाला’ यावर ठरते. एकूण खर्चात जमीनही येते, हे इथे विसरायचं नाही.

आकडे घालून बघू. एकूण अंदाजे खर्च १०० कोटी, त्यात जमीन, एफएसआय प्रीमियम (जादा बांधकामाच्या परवानगीचं शुल्क), टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) मिळून ४० कोटी आणि बांधकाम ६० कोटी. जमिनीचे पैसे पहिल्याच दिवशी चुकते झाले. बांधकाम झालं २० टक्के, म्हणजे १२ कोटींचं. फॉर्म ३ मध्ये खर्चाचं प्रमाण दिसेल ५२ टक्के. साइटवर मात्र इमारत अजून खालच्या मजल्यांवरच आहे. यात बेकायदेशीर काहीच नाही. पण सेल्समन ‘निम्मा प्रकल्प झाला’ म्हणतो तेव्हा तो हा आकडा सांगत असतो. फॉर्म १ चा नव्हे. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि मागच्या चार तिमाहींचे लिहून काढा. खर्चाचं प्रमाण सरकतंय आणि कामाचं जागेवरच आहे, असं दोन तिमाही दिसलं तर बुकिंगची घाई करू नका.

फॉर्म ३ च्या शेवटी आणखी एक गणित असतं, आणि माझ्या मते सगळ्या पोर्टलवर याहून कामाची ओळ नाही. एका बाजूला उरलेला खर्च. दुसऱ्या बाजूला विकलेल्या फ्लॅटवरची येणे बाकी, अधिक न विकलेल्या फ्लॅटची रेडी रेकनरच्या (सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या) दराने किंमत. येणं खर्चापेक्षा जास्त असेल तर बिल्डरने येणाऱ्या रकमेचे ७० टक्के त्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. कमी असेल तर पुरे १०० टक्के. वरच्याच उदाहरणात उरलेला खर्च ४८ कोटी. येणे बाकी १५ कोटी आणि न विकलेलं कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं) क्षेत्र ६,००० चौ. मी., रेकनरचा दर चौ. मी. ला ६०,००० रुपये, म्हणजे ३६ कोटी. बेरीज ५१ कोटी, शिल्लक फक्त ३ कोटी. ५१ पैकी ३६ कोटी तर अजून न विकलेल्या फ्लॅटमधून यायचे आहेत. वर्षभर विक्री थंडावली किंवा स्टीलचे भाव चढले की हा प्रकल्प बाहेरच्या कर्जावर जातो. बाजारभाव रेकनरच्या बराच वर असेल तर मोकळीक जास्त, हे खरं. पण किती, ते स्वतः काढायचं.

याच फॉर्मच्या जोडपत्रात फ्लॅटनिहाय कार्पेट क्षेत्र, करारातली किंमत आणि मिळालेली रक्कम असते. शेजारच्या फ्लॅटला काय दर लागला हे त्यावरून निघतं. पानावर फॉर्म ३ सापडला नाही तर बिल्डरच्या ऑफिसात मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तीही एक माहितीच.

तारखांचा रकाना जपून वाचा. मूळ प्रस्तावित तारीख आणि सुधारित तारीख अशा दोन दिसल्या तर मुदतवाढ झालेली आहे. मुदतवाढीने बिल्डरची नोंदणी जिवंत राहते. तुमच्या करारातली ताब्याची तारीख हलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. उशीर झाल्यास व्याज करारातल्या तारखेपासून मोजायचं, दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेच्या कर्जाचा आधारभूत व्याजदर) अधिक २ टक्के. ‘मुदत संपलेला’ असा शेरा असलेला प्रत्येक प्रकल्प बुडालेला नसतो. जानेवारी २०२५ मध्ये महारेराने अशा १०,७७३ प्रकल्पांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. इमारत उभी, लोक राहायला आलेले, पण भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा दाखला) आणि आर्किटेक्टचा फॉर्म ४ (काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र) अपलोडच केलेला नाही, असेही प्रकल्प या यादीत अडकतात. अशा वेळी महापालिकेकडून भोगवटा प्रमाणपत्राची खात्री करून घ्या.

आता दोष. बहुतेक कागद स्कॅन केलेल्या पीडीएफ आहेत, त्यात शब्द शोधता येत नाही. सगळ्या प्रकल्पांचे आकडे एकत्र एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची सोय सामान्य वापरकर्त्याला नाही, त्यामुळे एका भागातले दहा प्रकल्प ताडून बघायचे म्हणजे दहा पानं उघडून हाताने टिपणं. शिवाय खटले आणि बोजा (प्रकल्पावरचं तारण कर्ज) यांची माहिती बिल्डर स्वतः भरतो. रकाना कोरा आहे म्हणून खटला नाही असं होत नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या साइटवर प्रवर्तक (बिल्डर) कंपनीच्या नावाने एकदा शोधाच. बोजाच्या रकान्यात कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव असेल तर तुमच्या फ्लॅटपुरतं तिचं ना हरकत पत्र करारनाम्याच्या आधी घ्या. १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय घ्यायला बिल्डरला बंदी आहे, म्हणजे हे पत्र मागायला तुमच्या हातात वेळ असतो.

पोर्टलवरच्या किमती ताडायला जोडीला राज्याच्या दस्त नोंदणी विभागाची ई-सर्च ही साइट वापरा. मोफत शोधात जिल्हा, गाव, वर्ष, मिळकत क्रमांक भरला की सूची क्र. २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) दिसते: मोबदला, बाजारभाव, क्षेत्र, मुद्रांक शुल्क. साइट संथ आहे, कॅप्चा दोनदा भरावा लागतो, आणि मिळकत क्रमांकाच्या जागी सर्व्हे नंबर, सिटीएस (नगर भूमापन) नंबर, प्लॉट नंबर असं एकेक टाकून बघावं लागतं. दर काढताना क्षेत्र कार्पेट लिहिलंय की बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून), ते वाचा. जुन्या दस्तांत बिल्टअप सापडतं आणि मग चौरस फुटाचा दर फसवा स्वस्त दिसतो. चौ. मी. ला १०.७६४ ने गुणून चौ. फूट करा. रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. मोबदल्यात जीएसटी नसतो, त्यामुळे सेल्समनने सांगितलेल्या ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ आकड्यातून जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वजा केल्याशिवाय तुलना करू नका.