‘नकळत दारू सोडवा’ म्हणणाऱ्यांनी १९,९०९ रुपये खाल्ले, नवऱ्याचा जीवही गेला असता

आधी आकडे सांगते, कारण नातेवाईक ‘गेले असतील हजार-दोन हजार’ म्हणून विषय संपवतात. पहिल्या कोर्सचे ३,४९९. ‘लिव्हर किट’चे ५,८५०. ‘स्ट्राँग डोस’चे ८,२००. आणि हेच पैसे परत मिळावेत म्हणून भरून घेतलेले २,३६०. एकूण १९,९०९ रुपये. त्यानंतर खासगी दवाखान्याचं बिल झालं ४१,२७०. मुलीच्या बारावीच्या क्लाससाठी ठेवलेली आरडी मोडली.

ही जाहिरात तुम्हीही मोबाईलवर पाहिली असेल. बाईचा रडका फोटो, शेजारी बाटलीवर फुली, खाली ‘पेशंटला न सांगता, जेवणातून द्या, रंग नाही, वास नाही, १०० टक्के आयुर्वेदिक’. पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे: फॉर्म भरा, पाच मिनिटांत फोन, गोड आवाजातली ‘ताई, आम्ही समजू शकतो’ म्हणणारी मुलगी, मग तिचे ‘डॉक्टरसाहेब’.

मी अडाणी नाही. पतसंस्थेत कारकून आहे, रोज दुसऱ्यांच्या पावत्या तपासते. तरी मी या रस्त्याला का गेले ते ऐका, मग बोला.

आमचे हे छोटा हत्ती टेम्पो चालवतात. सातारा जिल्ह्यातलं आलं आणि टोमॅटो भरून पुण्याच्या मार्केट यार्डात नेतात. पूर्वी रात्री घरी आल्यावर प्यायचे, मग ढाब्यावर सुरू झालं, मग रिकामी गाडी परत आणताना. एकदा नाकाबंदीत सापडले. कायद्यात मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. यांच्या फुंकरीतला आकडा तिच्या कितीतरी वर गेला. कोर्टात १०,००० रुपये दंड भरला, लायसन्स काही महिने अडकलं, तेवढे महिने घर माझ्या पगारावर चाललं. २०१९ पासून दंड वाढलेत. दुसऱ्यांदा सापडलं तर १५,००० रुपये आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हे सापडले तर. न सापडता कुणाला चिरडलं तर? रात्री अकरा वाजता फोन लागला नाही की मी काय काय डोळ्यांपुढे आणायचे ते ज्यांच्या घरी पिणारा ड्रायव्हर आहे त्यांनाच कळेल.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणायचे, मी काय बेवडा आहे का? सासूबाई म्हणायच्या, पुरुषमाणूस दमून येतो. भूक मेली होती, सकाळी उठल्यावर हात थरथरायचे आणि एक घोट पोटात गेला की थांबायचे. हे व्यसन नसून आजार झालाय हे मला दिसत होतं. पण जो माणूस यायलाच तयार नाही त्याला ओढत नेऊ कशी? अशा वेळी कुणी म्हणतं, ‘ताई, त्यांना सांगायचीच गरज नाही.’ त्या एका वाक्यावर त्यांचा सगळा धंदा उभा आहे. औषधावर नाही.

आता तो क्षण, जो आजही रात्री झोपू देत नाही. पहिले ३,४९९ पाठवताना मी नंबर टाकला आणि स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. कंपनीचं नाही, डॉक्टरचं नाही. साधं वैयक्तिक खातं, परराज्यातल्या बँकेचं. माझं बोट थांबलं. मी त्या मुलीला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, ‘आमच्या अकाउंटंट मॅडमचं खातं आहे, कंपनीच्या खात्यावर घेतलं तर तुम्हाला १८ टक्के जास्त पडतील.’ हे वाक्य पतसंस्थेच्या काउंटरवर कुणी माझ्यापुढे म्हटलं असतं तर मी त्याला तिथंच उभं केलं असतं. पण त्या संध्याकाळी हे गाडी घेऊन निघाले होते, तोंडाला वास येत होता, आणि मला कुणीतरी ‘होईल बरं’ म्हणायला हवं होतं. मी पैसे पाठवले. त्या लोकांना ही वेळ बरोबर माहीत असते. त्यांचे फोन संध्याकाळी सात ते नऊमध्येच येतात.

पार्सल आलं. प्लास्टिकच्या डबीत पांढरट पूड, वर चिकटवलेला कागद, त्यावर वनस्पतींची चित्रं. बॅच नंबर नाही, मुदत नाही, उत्पादनाचा परवाना क्रमांक नाही. आयुर्वेदिक औषधावरसुद्धा हे तीनही छापावंच लागतं. तुमच्या हातात अशी डबी असेल तर आत्ता उलटी करून बघा. परवाना क्रमांक नसेल तर त्यातलं काहीही घरातल्या माणसाच्या पोटात घालू नका.

पहिल्या डबीने काही झालं नाही. फोन केला की म्हणायचे, लिव्हरमध्ये विष साठलंय, आधी ते काढायला लागेल. म्हणून ५,८५०. त्यानेही काही नाही. म्हणून ८,२०० चा ‘स्ट्राँग डोस’. दर वेळी आधीचे पैसे बुडतील ही भीती पुढचे पैसे काढून घेते.

स्ट्राँग डोसची पूड मी सकाळच्या आमटीत घातली. हे जेवून निघाले, यार्डात माल उतरवला, परतीच्या वाटेवर ढाब्यावर बसले. गाडी सुरू करून थोडं पुढे आले आणि चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. नशीब, खंबाटकी घाटाचा चढ लागायच्या आधी गाडी कडेला घेता आली. गावातलाच एक टेम्पोवाला मागून येत होता, त्याने दवाखान्यात पोहोचवलं. बीपी मशीनवर जेमतेम लागत होतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘दारू सोडायची गोळी कुणी दिली?’ मी सगळं सांगितलं. त्यांनी जे समजावलं ते तसंच लिहिते. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं, आणि मग त्याचं पुढे निरुपद्रवी द्रव्य करतं. डायसल्फिराम नावाचं औषध ही दुसरी पायरी बंद पाडतं. मग घोटभर दारूनेही ते विष अंगात साठतं आणि माणसाची ही अवस्था होते. औषध खरं आहे, जुनं आहे, डॉक्टर देतात. पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, यकृत आणि हृदय तपासून, आणि दारू थांबवून किमान बारा तास झाल्यावरच. औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच, आणि पिऊन मरू शकतो. यांच्या यकृताला आधीच सूज होती. त्या पुडीत हेच असावं, असं लक्षणांवरून डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

म्हणजे पिऊन गाडी चालवणारा माणूस रस्त्यावर धोक्याचा होताच, त्यांनी माझ्या हातून तो आणखी धोक्याचा केला. चालत्या गाडीत डोळ्यांपुढे अंधारी आली असती आणि पुढच्या गाडीत कुणाची पोरंबाळं असती तर?

दवाखान्यात दारू एकदम बंद झाली आणि तिसऱ्या दिवशी दुसरंच संकट उभं राहिलं. अंगाला कंप, घाम, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मला ओळखेनात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, झटकेही येतात, आणि उपचार नसतील तर माणूस दगावतो. म्हणून खोलीत कोंडून दारू सोडवणारे जे बहाद्दर गावोगाव आहेत त्यांच्यापासूनही लांब राहा. यांना ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होते म्हणे. पोटाच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी आणि सूज निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून सिरोसिस नाही, म्हणजे यकृत कायमचं निकामी व्हायला लागलेलं नाही, पण असंच चालू राहिलं तर पोटात पाणी आणि रक्ताच्या उलट्या व्हायला फार वर्षं लागणार नाहीत. वय ४१.

मी दवाखान्यातूनच त्या ‘डॉक्टरसाहेबां’ना फोन लावला. उत्तर काय मिळावं? ‘ताई, घाबरू नका, विष बाहेर पडतंय, डोस चालू ठेवा.’ मी ओरडले तेव्हा म्हणाले पैसे परत देतो, आधी प्रोसेसिंगचे २,३६० भरा. तेही भरले. हो, भरले. दवाखान्याचं डिपॉझिट द्यायचं होतं, १७,५४९ परत मिळतील या आशेने भरले. त्यानंतर नंबर बंद.

आता खरा संताप. पोलीस ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाले, ‘बाई, तुम्हीच पैसे पाठवले, वस्तू आली, मग फसवणूक कसली?’ मी म्हटलं, त्यात औषध लपवून घातलंय, माणूस मेला असता. तर साहेब म्हणाले, ‘पण खायला घातलं कोणी? तुम्ही. त्यांना न सांगता. लिहून घेतलं तर गुन्हा आधी तुमच्यावर.’ तिथं बसलेल्या दोघांपुढे म्हणाले. माझे पाय लटपटले. परत आले. घरी येऊन समजलं की ‘नकळत’ या शब्दाचा दुसरा उपयोग हा आहे. ज्या बाईने नवऱ्याच्या ताटात चोरून पूड घातली ती तक्रार करायला येणार नाही, हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. आणि आपली यंत्रणा त्यांचा हा हिशेब खरा करून दाखवते.

ऑनलाइन फसवणुकीचा १९३० हा नंबर आहे. तिथं तक्रार जितकी लवकर जाईल तितकी खात्यातली रक्कम गोठवायची शक्यता जास्त. मला हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं नाही. ठाण्यातही नाही. नोंद केली तेव्हा पैसे केव्हाच पुढे गेले होते.

औषधांच्या सरकारी कार्यालयात गेले. १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ग्राहक स्वतः विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो, हे मी वाचून गेले होते. टेबलावरचे म्हणाले, डबीवर आयुर्वेदिक लिहिलंय, ते आमच्याकडे नाही. दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, सील फोडलेली डबी चालत नाही. तिसऱ्यांनी बिल मागितलं. ज्या धंद्याला परवाना नाही तो बिल देईल का? मी म्हणते, नियम असेल तुमचा, पण पूड समोर आहे, दवाखान्याचे कागद समोर आहेत, एक माणूस बीपी पडून दाखल झालाय, आणि तुम्हाला बिल हवंय? लेखी अर्ज द्या म्हणाले. दिला. पोच घेतली. त्यावर उत्तर नाही. तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने, त्याच रडक्या बाईच्या फोटोसकट चालू आहे.

आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, फारसा खर्च न करता व्यसनाचे उपचार सुरू होतात, हे मला कुठल्या जाहिरातीत दिसलं नाही. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभांना फी नसते. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे, माणूस स्वतः तयार नसला तरी आपण जाऊ शकतो. हे माहीत असतं तर त्या मुलीचा फोन मी उचललाच नसता. खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा म्हणा. टाळाटाळ केली तर उठून या.

यांना मी दवाखान्यातच सगळं सांगितलं. चिडले, बोलले नाहीत, पण उपचाराला जातायत. गाडी सध्या भाच्याकडे दिली आहे.

माझी डबी फोडलेली होती म्हणून ती कुणी घेतली नाही. ज्यांच्याकडे या लोकांचं न उघडलेलं पार्सल असेल त्यांनी ते फेकू नका, परत पाठवू नका. कुरिअरची पावती, ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा स्क्रीनशॉट आणि फोनचं रेकॉर्डिंग असेल तर ते, सगळं एकत्र ठेवा. पाच-सहा जणी मिळाल्या तर अर्ज एकत्र द्यायचा आहे, आणि या वेळी पोलीस ठाण्यात मी एकटी जाणार नाही.